धर्मयुद्धाच्या कादंबरीत आपण काय वाचतो?

इतिहासावरच्या साहसकथांची मालिका मनापासून वाचणाऱ्यावर दोन आरोप नेहमी होतात. तो खऱ्या इतिहासाकडे पाठ फिरवतो हा पहिला, आणि रक्तपाताची करमणूक करून घेतो हा दुसरा. विषय मध्ययुगातील ख्रिस्ती-मुस्लिम धर्मयुद्धांचा असला की दुसरा आरोप जास्त बोचतो. १५ जुलै १०९९ रोजी जेरुसलेम पडल्यावर तिथल्या मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची जी कत्तल झाली, तिचे पडसाद आजच्या राजकारणातही उमटतात, आणि अशा काळात घोडदौडीची गोष्ट रंगवून सांगणे अनेकांना बेजबाबदारपणाचे वाटते. मला मात्र वाटते की या आरोपांमध्ये वाचकाच्या आनंदाचा उगमच चुकीच्या जागी शोधला जातो. चांगल्या मालिकेत वाचक लढाईपेक्षा कसबात जास्त रमतो. घोडा कसा राखावा, पाणी कुठे मिळेल, भिंत कशी चढवावी, जखम कशी धुवावी, मठाचा हिशेब कसा लावावा, या गोष्टी त्याला पानोपानी धरून ठेवतात. आणि कसबाची गोडी एकदा लागली की बाजू घेऊन वाचणे त्याला अवघड जाते, कारण ज्या माणसाला काम येते त्याच्याविषयीचा आदर त्या माणसाचा धर्म विचारत बसत नाही.

स्वीडिश लेखक यान गियू यांची आर्न माग्नुसनवरची कादंबरीत्रयी हे याचे चांगले उदाहरण आहे. तिचे तीन भाग १९९८, १९९९ आणि २००० मध्ये ओळीने आले. गियू मूळचे शोधपत्रकार. १९७३ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासोबत स्वीडनच्या एका गुप्त हेरसंस्थेचा कारभार उघडकीस आणला आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. पुढे त्यांनी हेरकथांची मोठी मालिका लिहिली. एखादी संस्था आतून कशी चालते, आदेश कुठून निघतो, पैसा कुठून येतो, हे खणून काढण्याची पत्रकाराची सवय त्यांच्या बाराव्या शतकातही टिकून आहे. आर्न हे पात्र काल्पनिक आहे. ११५० साली पश्चिम गोटालँडमधल्या एका जमीनदार कुळात तो जन्मतो, बालपणी सिस्टर्शियन साधूंच्या मठात वाढतो आणि ऐन तारुण्यात घडलेल्या एका पापाचे प्रायश्चित्त म्हणून त्याला वीस वर्षे टेम्पलर योद्धा म्हणून पवित्र भूमीत पाठवले जाते. उत्तरेकडच्या थंड प्रदेशातला एक मठवासी मुलगा गाझाच्या किल्ल्यापर्यंत पोहोचतो हे वरवर पाहता लेखकाने ओढूनताणून आणलेले वाटेल. पण आर्न जिथे वाढतो तो वार्नहेमचा मठ खरा आहे, त्याच्या साधूंना काही काळ तिथून हलावे लागले आणि त्यांनी डेन्मार्कमध्ये व्हित्स्कोल इथे नवा मठ उभारला हेही खरे आहे. सिस्टर्शियन पंथाचे सर्वांत प्रभावी पुढारी म्हणजे क्लेअरव्होचे बर्नार्ड. ११२९ मध्ये त्र्वा इथल्या धर्मसभेत टेम्पलरांना नियमावली मिळाली तिच्यामागेही हेच बर्नार्ड होते, आणि या लढवय्या साधूंच्या बाजूने त्यांनी स्वतंत्र लेखनही केले. म्हणजे स्वीडनचा मठ आणि जेरुसलेमचा लष्करी संघ एकाच जाळ्याचे दोन पदर होते. गियू यांनी योगायोग रचला नाही, एका संस्थेची वाट धरून ते पात्रामागे चालत गेले.

या मालिकेची लांबी मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. पहिल्या भागात तर पवित्र भूमी दिसतच नाही. आर्न मठात बागकाम, लोहारकाम, लॅटिन आणि घोड्यांची निगा शिकतो, आणि कधीकाळी टेम्पलर असलेला एक साधू त्याला तलवार व धनुष्य शिकवतो. साहसकथेच्या वाचकाला इतके थांबवून ठेवणे धाडसाचे आहे. पण या थांबण्यातच त्याची नजर तयार होते आणि पुढे युद्ध आले की तो त्याकडे कारागिराच्या डोळ्यांनी पाहतो. हित्तीनची लढाई घ्या. जुलै ११८७ च्या सुरुवातीला जेरुसलेमचा राजा गी याचे सैन्य सफुरियाच्या झऱ्यांजवळ तळ देऊन होते. सुलतान सलाहुद्दीनने तिबेरियास वेढले होते आणि तिथल्या किल्ल्यात त्रिपोलीच्या रेमंडची पत्नी अडकली होती. तरीही हाच रेमंड सांगत होता की झरे सोडू नका, उन्हाळ्यात मधल्या पंचवीसेक किलोमीटरमध्ये एवढ्या सैन्याला पुरेल इतके पाणी नाही. रात्री टेम्पलरांचा प्रमुख जेरार्ड याने राजाचे मन वळवले आणि ३ जुलैला सैन्य निघाले. रात्र पाण्याविना गेली, सलाहुद्दीनच्या माणसांनी वाळलेले गवत पेटवून दिले आणि ४ जुलैला जेरुसलेमच्या राज्याचे सैन्य जवळजवळ संपले. त्या वेळच्या इतिवृत्तांमध्ये या पराभवाला पापाची शिक्षा म्हटलेले आढळते. त्रयीच्या दुसऱ्या भागापर्यंत पोहोचलेल्या वाचकाला ते स्पष्टीकरण पुरेसे वाटणार नाही. घोड्याला दिवसाला किती पाणी लागते याची त्याला एव्हाना कल्पना आलेली असते, आणि येशूचा खरा क्रूस मानलेल्या अवशेषासह सगळे हरणारे सैन्य त्याला आधी तहानलेले दिसते. इतिहासाचे हे आकलन त्याच्यापर्यंत साहसाच्या वाटेनेच पोहोचलेले असते.

आर्न वाळवंटात असताना त्याची प्रेयसी सिसिलिया गुधेमच्या जोगिणींच्या मठात तीच वीस वर्षे काढते. धर्मयुद्धावरच्या बहुतेक कथांमध्ये मागे राहिलेली स्त्री वाट पाहण्यापुरती असते. इथे तिच्या वाट्याला छळ आहे, मठाध्यक्षेचा सूड आहे, आणि त्यातून तिने मिळवलेले हिशेबाचे व व्यवहाराचे ज्ञानही आहे. बाराव्या शतकात मोठ्या जमिनी सांभाळणाऱ्या स्त्रियांना मठात असे शिक्षण मिळू शकत होते, ही गोष्ट युद्धकथेच्या ओघात सहज समजते. तीन भागांमधला हा पदर मला सर्वांत भक्कम वाटतो, कदाचित आर्नच्या पराक्रमापेक्षाही.

आता गंभीर आक्षेपांकडे येतो. टेम्पलर आणि सलाहुद्दीन यांच्यातला परस्पर आदर ही आजच्या उदारमतवादी मनाची इच्छापूर्ती आहे, असे म्हटले जाते. कथेत आर्न अजाणता सलाहुद्दीनचा जीव वाचवतो आणि तिथून दोघांमध्ये एक नाते तयार होते. इथे उसामा इब्न मुनकिझ या सीरियन सरदाराच्या आठवणी उपयोगी पडतात. तो १०९५ मध्ये जन्मला आणि ११८८ मध्ये वारला, म्हणजे पहिल्या धर्मयुद्धाच्या हाकेपासून हित्तीननंतरच्या वर्षापर्यंत त्याने सगळे पाहिले. जेरुसलेममधल्या टेम्पलरांना तो आपले मित्र म्हणतो. नमाजासाठी ते त्याला जागा मोकळी करून देत. एकदा नुकत्याच आलेल्या एका फ्रँकने, म्हणजे युरोपीय ख्रिस्त्याने, त्याला धरून पूर्वेकडे वळवले, तेव्हा टेम्पलरांनीच त्याला बाहेर काढले आणि हा नवखा आहे म्हणून उसामाची क्षमा मागितली. याच उसामाने फ्रँकांना धैर्याखेरीज दुसरा गुण नसलेल्या जनावरांच्या पंक्तीलाही बसवले आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच पुस्तकात लिहिल्या. पुढे ११८४ मध्ये त्या भागातून गेलेल्या इब्न जुबैर या स्पेनच्या प्रवाशाला तर नवल वाटले की सैन्ये लढत असताना दमास्कस आणि अक्का यांच्यामधले काफिले निर्धास्त ये-जा करतात. तेव्हा शत्रूशी ओळख, व्यवहार आणि प्रसंगी स्नेह ही आजची कल्पना नाही. मुरलेला आणि नवखा यांच्यातला जो फरक उसामाने टिपला, तोच फरक गियू आर्न आणि ताज्या दमाच्या जहाल टेम्पलरांमध्ये दाखवतात.

सलाहुद्दीनविषयीचा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. उदार, शिष्ट, दिलदार सुलतानाची प्रतिमा युरोपने दीर्घकाळ जोपासली. वॉल्टर स्कॉटने १८२५ मधल्या आपल्या कादंबरीत त्याला वैद्याच्या वेशात आणले, आणि १८९८ मध्ये जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म दमास्कसला त्याच्या कबरीवर पुष्पचक्र वाहायला गेला. गियू यांचा सलाहुद्दीनही याच प्रतिमेचा वारस आहे. २००७ मध्ये या त्रयीवर निघालेल्या स्वीडिश चित्रपटात ही भूमिका मिलिंद सोमण यांनी केली, हे मराठी प्रेक्षकाने मुद्दाम ध्यानात ठेवावे असे आहे. तिथला त्यांचा सुलतान शांत आणि धीरगंभीर आहे. खऱ्या सलाहुद्दीनने २ ऑक्टोबर ११८७ रोजी जेरुसलेम घेताना १०९९ ची पुनरावृत्ती होऊ दिली नाही, हे त्याचे मोठेपण निर्विवाद आहे. पण सुटकेसाठी पुरुषामागे १० आणि स्त्रीमागे ५ दिनार द्यायचे होते, आणि ज्यांना ते जमले नाही असे हजारो लोक गुलाम झाले. हित्तीननंतर पकडलेल्या टेम्पलर आणि हॉस्पिटलर योद्ध्यांची त्याने समोर बसून शिरे उडवायला लावली, तीही लढण्याचा सराव नसलेल्या सुफी आणि विद्वान मंडळींच्या हातून. त्याच्याच चिटणिसाने, इमादुद्दीनने, हे समाधानाने नोंदवले आहे. टेम्पलरांपैकी वाचला तो जेरार्ड, कारण ओलिस म्हणून त्याची किंमत होती. कादंबरीत आर्न मात्र जुन्या उपकारामुळे वाचतो, आणि हा मला त्रयीतला सर्वांत कच्चा दुवा वाटतो. तो कच्चा आहे हे कळते तेही बाकीचे दुवे पक्के असल्यामुळे, कारण एरवी कारणाशिवाय काही घडू न देणारा लेखक इथे नायकाला मैत्रीच्या जोरावर सोडवतो. अशी जागा वाचकाला ओळखता येणे हीदेखील मालिकेनेच दिलेली जाण आहे.

मराठी वाचकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. हरिभाऊ आपटे आणि नाथमाधव यांच्यापासून आपली ऐतिहासिक कादंबरी प्रामुख्याने आपल्याच पूर्वजांविषयी बोलत आली. तिथे कोण आपला हे पहिल्या पानाआधीच ठरलेले असते, आणि त्या ठरलेपणात एक ऊबही असते. धर्मयुद्धांच्या मालिकेत दोन्ही छावण्या परक्या असतात. अर्थात आजच्या वातावरणात ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान हा झगडा आपण अगदी तटस्थपणे वाचू शकतो असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. कुणीही आपले पूर्वग्रह बाहेर ठेवून पुस्तक उघडत नाही. तरीही आपल्या कुळाचा अभिमान पणाला लागलेला नसल्यामुळे वाचकाला हरणाऱ्याची चूक आणि जिंकणाऱ्याचे क्रौर्य ही दोन्ही थोडी जास्त स्पष्ट दिसतात. ही सवय घेऊन त्याने आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांकडे परत यावे असे मला मनापासून वाटते.

तिसरा भाग हा माझ्या म्हणण्याचा खरा कस आहे, कारण तिथे युद्ध मागे पडले आहे आणि आर्न हरून घरी आला आहे. पवित्र भूमीतून तो पवित्र अवशेष आणत नाही, माणसे आणतो. त्यात गवंडी, शस्त्रकार आणि वैद्य आहेत, काही ख्रिस्ती, काही मुसलमान. फोर्सविक इथे तो त्यांची वसाहत उभारतो आणि या परक्या माणसांच्या प्रार्थना, खाणेपिणे, थंडी यांचा मेळ घालत बसतो. धर्मयुद्धातून युरोपला काय मिळाले याचे कादंबरीने दिलेले हे उत्तर आहे. काही इतिहासकार म्हणतील की असे ज्ञान सिसिली आणि स्पेनमार्गे कितीतरी अधिक आले, आणि ते बरोबर आहे. फोर्सविककडे इतिहासाचे विधान म्हणून न पाहता एका माणसाच्या वीस वर्षांचा लेखकाने मांडलेला ताळेबंद म्हणून पाहावे लागते. पण या ताळेबंदातही गियू हात आखडता घेत नाहीत. इतके बळ उभे करायचे की कुणी हल्लाच करू नये, हा आर्नचा हिशेब असतो, आणि तो चुकतो. ३१ जानेवारी १२०८ रोजी लेना इथे डॅनिश सैन्याचा जो पराभव झाला, तो कादंबरीत याच वसाहतीने घडवलेल्या धनुर्धरांच्या आणि घोडेस्वारांच्या हातून होतो. वाचक ज्या कसबावर दोन भाग लुब्ध झालेला असतो, तेच इथे माणसे मारते. १२१० च्या गेस्तिलरेनच्या लढाईनंतर आर्नही जखमांनी मरतो. गियू यांनी २००१ मध्ये आर्नचा नातू म्हणून बिर्गर यार्ल या खऱ्या सत्ताधीशाला केंद्रस्थानी ठेवून चौथे पुस्तक लिहिले. स्टॉकहोमच्या स्थापनेशी नाव जोडल्या गेलेल्या या माणसाच्या कथेत लढाया भरपूर आहेत, पण शिकणे आणि घडवणे यांची जागा सत्तेच्या डावपेचांनी घेतली आहे, आणि तिथे माझ्यासारख्या वाचकाची गोडी ओसरते.