वंशावळ आणि घर

औंढा नागनाथाच्या देवळाचा खालचा कोरीव भाग यादवकाळातला, वरचं बांधकाम पुढचं. अशा देवळांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. पण त्यांतली कित्येक ज्याच्यावरून हे नाव पडलं त्या हेमाद्रीच्या, म्हणजे हेमाडपंताच्या, आधीची आहेत. देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा हा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख. सत्ता होती, विद्वत्ता होती, पदरी बोपदेवासारखा पंडित होता. त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथात त्याचं कूळ येतं: गोत्र वत्स, पणजोबा वामन, आजोबा वासुदेव, वडील कामदेव. आपल्यापर्यंत पोचतात ती ही पुरुषांची नावं. त्याच्या वाड्यात कोण कुणावर रुसलं, याचा पत्ता नाही.

त्याच तेराव्या शतकात फ्रान्सच्या शांपान्य प्रांतात झ्वाँव्हिल नावाचा सरदार होता. १२४८ साली तो नवव्या लुई राजासोबत धर्मयुद्धावर निघाला. उतारवयात लिहिलेल्या लुईचरित्रात तो सांगतो, की जाताना गढीकडे वळून पाहायचं आपण टाळलं. मागे राहिलेल्या दोन लेकरांपायी जीव गलबलला असता. बायकोचं नाव तिथे नाही. राजा पुन्हा मोहिमेवर निघाला, तेव्हा मागच्या खेपेला आपल्या रयतेचे हाल झाले म्हणून झ्वाँव्हिलने सोबत जायला नकार दिला. त्या मोहिमेत, १२७० साली, लुई ट्युनिसजवळ वारला.

नामदेवांचं परंपरेने मानलेलं जन्मसालही १२७०. गाव औंढ्याच्याच मुलखातलं नरसी. या शिंप्याच्या घराची यादी जनाबाईच्या नावावरच्या अभंगात आहे. ती सुरू होते गोणाई आणि राजाई या सासू-सुनांपासून. मग दामाशेटी-नामदेव हे बापलेक, चार मुलगे, चार सुना, लेक, बहीण आणि शेवटी दासी जनी. नामदेवांच्या गाथेत राजाई घरातल्या दारिद्र्याबद्दल कुरकुरते, गोणाई आपला लेक परत दे म्हणून विठोबाशी भांडते. हे अभंग त्यांच्याच तोंडचे की मागून कुणी रचले, यावर वाद घालता येईल. पण बाईच्या तक्रारीला गाथेत जागा असावी असं कुणाला तरी वाटलं, एवढं नक्की.

वंशावळ लिहिली जाते ती हक्क शाबीत करायला. पद, जमीन, मान यांचा वारस कोण, एवढंच तिला सांगायचं असतं. त्यात आईचं रडणं कशाला नोंदवायचं? झ्वाँव्हिलच्या त्या एका आठवणीत सरदार क्षणभर नुसता बाप होतो, म्हणून ती लक्षात राहते. नामदेवांच्या घरी वारसा सांगावा असं काही नव्हतं. तिथे मग माणसंच मोजली गेली, आणि मोजणारी होती घरातली दासी.