उंदराचं देणं

पेरणी लागली की नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांची धास्ती आलीच. या चौघांच्या विषावर लस एकच, ती घोड्याच्या रक्तापासून होते. घोड्याला थोडं थोडं विष टोचत जातात. मग तिची ताकद उंदरांवर जोखतात. विष नि लस मिसळून टोचायचं, किती जगले ते मोजायचं. लस कमजोर निघाली, तर दवाखान्यात पोचलेला माणूसही हातचा जातो. म्हणून उंदीर आधी.

कणगीतला उंदीर आपले दाणे खातो, त्याला मारताना हात अडत नाही. या उंदरानं कुणाचं काय खाल्लं? तरी बंद करा, असं म्हणवत नाही. पोळ्याला आपण बैलाचे खांदे मळतो, ते घेतल्याची जाण म्हणून. इथंही ती हवी: लागतील तेवढेच उंदीर, आणि काचेच्या नळीत नेमकं जोखता आलं, की एकही नाही.