जादूगाराची मुदत ठेव

1978च्या ‘अॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळातला पहिल्या लेव्हलचा जादूगार म्हणजे फुंकरीनं विझणारी पणती. त्याचा जीव किती, हे चार बाजूंच्या फाशावर ठरायचं. योद्ध्याला मात्र दहा बाजूंचा फासा. दिवसाला मंत्र एकच, आणि तोही म्हटला की डोक्यातून पुसला जायचा. (ही कल्पना खेळाचा कर्ता गॅरी गायगॅक्स यानं लेखक जॅक व्हान्सच्या कथांतून उचललेली, आणि ते त्यानं कधी लपवलं नाही.) उरलेला दिवस योद्ध्याच्या आडोशानं काढायचा. पाचव्या लेव्हलला मात्र आगीचा गोळा हाती यायचा. पुढे प्रत्येक लेव्हलला त्याच्या मारात एकेका फाशाची भर पडायची. योद्धा बिचारा तलवारच फिरवत राहायचा.

याला आज सर्रास असमतोल म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. तो समतोल एका लढाईचा नव्हता, पात्राच्या अख्ख्या आयुष्याचा होता. आधी पोटाला चिमटा, मग व्याजासकट परतावा. आणि बरेचसे ठेवीदार मुदत भरण्याआधीच मरत, म्हणून तर हिशेब जुळायचा. टेबलाभोवती जादूगार मेला की बहुधा कोरा कागद घेऊन पुन्हा सुरुवात.

कॉम्प्युटरनं नेमकं हेच मरण काढून घेतलं. त्याच नियमांवर बेतलेल्या 1998च्या ‘बाल्डर्स गेट’ या कॉम्प्युटर गेममध्ये माझ्या जादूगाराला रानातल्या लांडग्यानं किती वेळा फाडलं असेल, मोजलं नाही, प्रत्येक वेळी मी जुना सेव्ह लोड केला. त्या गेममध्ये अनुभवाचे गुण 89,000वर थांबायचे, त्यामुळे ठेवीची मुदत भरतच नव्हती. 2000 साली दुसऱ्या भागानं ती मर्यादा 29,50,000वर नेली आणि जादूगार चक्क काळ थांबवू लागला. शेवटच्या लढाया म्हणजे जादूगारांचे आपसातले वकिली दावे: एकानं कवचावर कवच चढवायचं, दुसऱ्यानं ती एकेक सोलायची. तोवर योद्धा तलवार परजत ताटकळत उभा. किंमत न मोजता व्याज मिळत होतं. मजा यायची, हे नाकबूल कशाला करू?

टेबलावरच्या मूळ खेळाच्या 2008च्या चौथ्या आवृत्तीनं यावर जालीम उपाय काढला. सगळ्यांना एकाच साच्यातल्या शक्ती: काही केव्हाही वापरता येणाऱ्या, काही लढाईगणिक, काही दिवसातून एकदाच. कागदावर चोख. पण योद्धा आणि जादूगार एकाच शिंप्याकडून कपडे शिवून आल्यासारखे दिसू लागले, आणि अनेक जुने खेळाडू रुसले. 2014च्या पाचव्या आवृत्तीनं जादूगाराला पुन्हा वेगळा केला, पण लगाम घालून. आगीच्या गोळ्याचा मार आठ फाशांवर बांधला. वाढवायचा तर वरच्या दर्जाच्या मंत्राची जागा खर्च करा. एकाग्रता लागणारे मंत्र एका वेळी एकच.

2023च्या ‘बाल्डर्स गेट 3’नं तर बाराव्या लेव्हललाच कुंपण घातलं. काळ थांबवणारा मंत्र येतो सतराव्या लेव्हलला, म्हणजे तो प्रश्नच मिटला. अकराव्याला योद्धा एका दमात तीन वार करतो, ताटकळत नाही. शिवाय छावणीत विदर्स नावाचा हाडांचा सापळा आहे. सोन्याची 100 नाणी दिली की तो पात्र नव्यानं घडवून देतो. एका रात्री मी माझ्या अकराव्या लेव्हलच्या योद्ध्याचा जादूगार करून घेतला. मंत्रांनी भरलेली पोथी घेऊन तो समोर उभा राहिला. एकाही लांडग्यानं त्याला कधी फाडलेलं नव्हतं.