निर्लेखनाची यादी

ग्रंथपालाच्या कामात नीतीचे प्रश्न असतात असे कोणी म्हटले, तर पुष्कळांना त्याचे नवल वाटेल. पुस्तक द्यावे, परत घ्यावे, उशीर झाल्यास दंड आकारावा; यात नीतीचा संबंध कोठे आला? आम्हीही बरीच वर्षे असेच मानीत होतो. मग एका जुन्या मराठी वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर असताना निर्लेखनाची यादी सहीसाठी आमच्यापुढे आली.

निर्लेखन म्हणजे पुस्तक संग्रहातून कायमचे कमी करणे. कपाटांत जागा उरली नव्हती. कोणाच्या तरी आजोबांची पुस्तके पोत्यांतून येत. वाडा विकला, मुले बाहेरगावी स्थिरावली, नातवंडांना मराठी वाचता येत नाही, असे सांगून मंडळी ती ठेवून जात. त्यांना नाही म्हणवत नसे. निकष सोपा ठरला : पुस्तकातल्या चिठ्ठीवर दहा वर्षांत तारखेचा एकही शिक्का नसेल, तर ते बाद. यादीत तीनशेहून अधिक नावे होती. आम्ही सही केली.

तो निर्णय अविचाराचा होता, असे आम्हांला आजही म्हणवत नाही. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. त्यांतले पहिले पुस्तकाच्या उपयोगाविषयीच आहे. नुसती जपून ठेवलेली पुस्तके म्हणजे ग्रंथालय नव्हे, हे कोणीही मान्य करील. पण त्याच पाचांत, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक लाभावा, असाही एक आग्रह आहे, आणि तो वाचक शोधण्याचे ओझे पुस्तकावर नसून ग्रंथपालावर आहे. मग कोरी चिठ्ठी हा नेमका कोणाविरुद्धचा पुरावा?

आम्हां बडोदेकरांना तरी हा प्रश्न सुचायला हवा होता. सयाजीराव महाराजांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि शिकलेली अक्षरे पुस्तकांवाचून विसरली जातील हे ओळखून 1910 साली अमेरिकेतून बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले. पुढे फिरत्या ग्रंथालयांच्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांतून जाऊ लागल्या, त्याही विनामूल्य. ज्या गावात पुस्तकाला कधी कोणाचा हात लागला नव्हता, तेथे मागणीचा शिक्का कोठून असणार? मागणी पाहूनच पेटी पाठवायची असती, तर एकही पेटी बडोद्याबाहेर पडली नसती. (या महाराजांच्या गोष्टी आम्ही प्रत्येक समारंभात सांगतो, हे येथे कबूल केलेले बरे.)

यादीला आमच्या ग्रंथपालबाईंनी हरकत घेतली होती. तीनशेंतली चार पुस्तके ठेवावीत, एवढेच त्यांचे मागणे होते. आम्ही कारण विचारले. त्या म्हणाल्या, “ती काकूंची पुस्तके आहेत.” काकू सभासद नव्हत्या. वर्गणी त्यांना परवडत नसे, आणि परवडते की नाही हे विचारण्याचे धाडस कोणी केले नव्हते. दुपारी वाचनकक्षात पंख्याखाली बसून त्या वाचीत आणि पुस्तक जागच्या जागी ठेवून घरी जात. बसून वाचणाऱ्याची नोंद आमच्या चिठ्ठीत होत नाही. आम्ही म्हटले, एका व्यक्तीसाठी नियम मोडता येणार नाही.

पुस्तके रद्दीत गेली. काही महिन्यांनी दुपारच्या वेळी सहज डोकावलो, तर काकू तेथेच बसलेल्या आणि हाती त्या चारांपैकीच एक पुस्तक. बाई ती चारही आपल्या टेबलाच्या खणात ठेवीत आणि काकू आल्या की काढून देत. आम्ही काहीच बोललो नाही.

बाईंनी योग्य केले काय? मंडळाचा ठराव त्यांनी पाळला नाही, आणि दप्तरातून गेलेली वस्तू ठेवून घेतली. हिशेबाच्या भाषेत याला बरे नाव नाही. शिवाय दुसरीही एक अडचण आहे, आणि ती आम्हांला अधिक खरी वाटते. खणातले पुस्तक बाई ज्यांना ओळखत, त्यांनाच मिळणार. उद्या एखादी अनोळखी मुलगी पणजीने वाचलेले पुस्तक शोधीत आली आणि तिने सूची चाळली, तर तिला ते सापडणार नाही. ग्रंथपालाचा जिव्हाळा कुलपात गेला की तोही एक प्रकारचा पक्षपात होतो. आणि तरीही, वाचकाला चेहऱ्याने ओळखणारी व्यक्ती त्या खोलीत एकच होती. आम्ही चिठ्ठ्या पाहिल्या. त्यांनी माणूस पाहिले. त्यांना खणाचा आश्रय घ्यावा लागला, यात आमच्या सहीचा वाटा बाईंच्या अपराधाहून मोठा आहे, असे आम्हांला वाटते.

काकू आता नाहीत. बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. किल्ल्या सोपवताना त्यांनी खणही उघडून दाखवला. दाखलनोंद वहीत त्या चार क्रमांकांवर लाल शाईची रेघ आहे, आणि पुस्तकांचे काय करायचे, असे नव्या ग्रंथपालांनी आम्हांला लेखी विचारले आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो विषय घेतला आहे.