पाण्याचे पैसे किती?



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२.

या श्लोकात भगवंतांनी एक फार कडक शब्द वापरला आहे: चोर. देवांनी दिलेलं नुसतं भोगायचं आणि परत काहीच द्यायचं नाही, असं जो वागतो तो चोरच, असं ते अर्जुनाला सांगतात. वाचताना वाटतं, हे दुसऱ्या कुणाबद्दल असेल. आपण तर टॅक्स भरतो, बिलं भरतो, चहाचे दहा रुपयेसुद्धा लगेच स्कॅन करून देतो. मग आपण चोर कसे?

पण ज्याचे पैसे समोरचा घेतच नाही, ते परत कसं करायचं?

गेल्या मार्चमध्ये मी सायकलवर एकटीने कोकण किनारा करत होते. त्यातला एक दिवस गुहागर ते गणपतीपुळे असा होता. सकाळी व्याडेश्वराचं दर्शन घेऊन निघाले. नकाशावर हा रस्ता समुद्राला धरून गेलेला दिसतो. प्रत्यक्षात वाडीत उतरायचं आणि लगेच पुन्हा सड्यावर चढायचं, हेच दिवसभर चालतं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. वर सावली नाही. वेळणेश्वर झालं, हेदवीच्या दशभुज गणेशाला नमस्कार झाला, आणि पुढच्या चढावर बाटल्या रिकाम्या झाल्या.

रस्त्याकडेच्या एका घराच्या अंगणात एक आजी बसल्या होत्या. म्हणाल्या, "एकटीच गो? पाणी पी आधी." तांब्याभर पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, दोन्ही बाटल्या भरून दिल्या. मी पैसे काढले तर हसल्या. "पाण्याचे कसले गो पैसे?"

हे पाणी स्वस्त नव्हतं, हे समजून घेऊया. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. पण जांभा सच्छिद्र असतो. पाणी मुरतं आणि उतारावरून समुद्राकडे निघून जातं. त्यामुळे शिमगा झाला की कितीतरी वाड्यांत विहिरी तळाला जायला लागतात. मार्चमधल्या दोन भरलेल्या बाटल्या म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावरून आलेल्या हंड्यातला वाटा.

दुपारी तवसाळच्या धक्क्यावर पोचले. इथून शास्त्री नदीची खाडी फेरीबोटीने ओलांडून पलीकडे जयगडला उतरायचं. तिकीट काढलं, सायकल चढवली. बोटीवर उभं राहून जाणवलं, की बोटवाल्याचा आणि माझा हिशोब सरळ आहे. त्याने सेवा दिली, मी पैसे दिले. आजींचा हिशोब मात्र उघडाच राहिला. आणि मला तो टोचत होता. का? कारण पैसे दिले असते तर "मी हे एकटीने केलं" असं म्हणता आलं असतं. पैसे देण्यात प्रामाणिकपणा असतोच, पण कधीकधी कुणाचं देणं लागायचं नाही, ही अहंकाराची घाईपण असते.

आपल्या परंपरेत तीन ऋणं सगळ्यांना माहीत असतात: देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. शतपथ ब्राह्मणात चौथंही येतं, माणसांचं ऋण. ते फेडायचा मार्गही तिथे सांगितलाय: लोकांना आसरा द्यावा, अन्न द्यावं. गंमत बघा, ज्याने तुम्हाला दिलं त्यालाच परत करा, अशी अट तिथे नाही. गीतेतही पुढच्याच श्लोकांत अन्न, पाऊस, यज्ञ आणि कर्म यांची साखळी येते, आणि १६व्या श्लोकात भगवंत तिला चक्र म्हणतात. जो हे चक्र पुढे फिरवत नाही, त्याचं जगणं व्यर्थ.

इथे एक शंका रास्त आहे. मी पुण्यात कुणाला पाणी दिलं, म्हणून आजींच्या हंड्यात पाणी वाढतं का? नाही वाढत. म्हणून "पुढे दिलं, फिटलं" असं म्हणून मोकळं होता येत नाही. ऋण राहतंच. माझ्या मते ते राहावंही. देणेकरी माणूस जरा वाकून चालतो.

दुसरी शंका त्याहून महत्त्वाची. हल्ली खिशात एक रुपया न ठेवता भटकायची फॅशन आहे. गावातली माणसं प्रेमाने देतात, मग घ्यायला काय हरकत? हरकत आहे. जो विकतो त्याला पूर्ण पैसे द्यावेत, खानावळीत घासाघीस करू नये. जो प्रेमाने देतो त्याच्याकडून गरजेपुरतंच घ्यावं, आणि दुसऱ्याच्या चांगुलपणावर आपला प्लॅन आखू नये. न मागता मिळालं तो प्रसाद. गृहीत धरून घेतलं, की श्लोकातला तो कडक शब्द आपल्याला लागू होतो.

म्हणजे चोर कोण? घेणारा नव्हे, आपण सगळेच घेतो. घेतलेलं जो स्वतःपाशीच अडवून ठेवतो, तो.

आपल्या चौथ्या मजल्यावर पार्सल घेऊन येणाऱ्या मुलाला आपण ओटीपी सांगतो आणि दार लावतो. बिल भरलेलं असतं, हिशोब पूर्ण असतो. पण उन्हातून आलेल्या माणसाला "पाणी हवंय का?" एवढं विचारायला कुठलंही अॅप सांगत नाही.

आजचा संकल्प: आज घरी येणाऱ्या निदान एकाला, त्याने मागायच्या आधी, पाणी विचारूया. आणि आपल्याला कुणी काही प्रेमाने दिलं, तर हिशोब मिटवायची घाई न करता दोन्ही हातांनी घेऊया.

श्रीकृष्णार्पणमस्तु.