तपासणी बंद करून मिळालेलं नेट

वाळूजच्या प्रेस शॉपमध्ये मशीन सारखं थांबतंय म्हणून एखाद्या ऑपरेटरने लाइट कर्टन बायपास केला, तर सुपरवायझर त्याला तिथल्या तिथे मशीनवरून उठवतो. हात चिरडू नये म्हणून ते साधन बसवलेलं आहे, हे शॉप फ्लोअरवर कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण त्याच औद्योगिक पट्ट्यातल्या ऑफिसांत सॉफ्टवेअर लिहिणारी मुलंमुली सर्रास हाच प्रकार करतात आणि तो चालवून घेतला जातो. डॉकरच्या कंटेनरमध्ये पॅकेज उतरत नाही, पडद्यावर ‘सर्टिफिकेट साइन्ड बाय अननोन अथॉरिटी’ अशी ओळ येते. मग सर्टिफिकेटची तपासणीच बंद केली जाते, बिल्ड पास होतं, तिकीट बंद होतं.

ही सवय मोडली पाहिजे.

त्या ओळीमागे काय घडलेलं असतं ते पाहा. अनेक कंपन्यांत बाहेर जाणारी एन्क्रिप्टेड वाहतूक प्रॉक्सी किंवा फायरवॉल मध्येच उघडून तपासते आणि कंपनीच्या स्वतःच्या सर्टिफिकेटखाली पुन्हा बंद करते. लॅपटॉपमध्ये आयटी विभागाने कंपनीचं रूट सर्टिफिकेट आधीच घातलेलं असतं, म्हणून ब्राउझर तक्रार करत नाही. कंटेनरची फाइल सिस्टीम वेगळी. तिथे ते सर्टिफिकेट नसतं. अनोळखी माणूस मध्ये उभा आहे असं कंटेनर सांगतो, आणि ते अगदी खरं असतं. योग्य उपाय छोटा आहे: ते रूट सर्टिफिकेट इमेजमध्ये कॉपी करायचं आणि ट्रस्ट स्टोअर अपडेट करायचा. डॉकरफाइलमध्ये दोन ओळी. जावा किंवा पायथनचा स्वतःचा स्टोअर असेल तर त्यालाही ते दाखवायचं.

ते न करता नोड.जेएसची टीएलएस सर्टिफिकेट तपासणी बंद करणारं व्हेरिएबल कुणी डॉकरफाइलमध्ये लिहिलं, तर ते इमेजमध्ये कायमचं बसतं. ती इमेज उद्या ग्राहकाच्या सर्व्हरवर चढते. तिथे कंपनीचा प्रॉक्सी नसतो, अडचणही नसते, पण तपासणी मात्र बंदच असते. मध्ये कुणीही घुसावं आणि लोकांचे मोबाइल नंबर, पगार, आजार वाचावेत, अशी सोय आपल्या हाताने झालेली असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड नसता तरी ते चुकीचंच होतं.

दुसरी पळवाट मोबाइल हॉटस्पॉटची. नेट चालू होतं, पण बिघाड तसाच राहतो आणि कंपनीचा कोड कुणाच्याही नजरेबाहेरच्या रस्त्याने जातो.

खरं तर प्रत्येक बिघाड आपली खूण सोडतो. डॉकरचं नेहमीचं नेटवर्क १७२.१७ ने सुरू होतं, पुढची १७२.१८, १७२.१९ अशी वाढत जातात. कंपनीचा एखादा सर्व्हर त्याच पत्त्यांत असेल, तर बाकी सगळं चालतं आणि नेमका तोच मिळत नाही. आयपी पत्त्याने जोडणी होते पण नावाने होत नाही, तर दोष डीएनएसचा. होस्ट मशीनवर कामाचा डीएनएस न सापडल्यास डॉकर गूगलच्या ८.८.८.८ कडे वळू शकतो, आणि ती वाट अनेक कंपन्यांत बंद असते. छोटी विनंती जाते, मोठी फाइल अडकून बसते, तर व्हीपीएनचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, डॉकरच्या १५०० पेक्षा कमी आहे का ते बघावं. पिंगवर मात्र निकाल देऊ नये. पुष्कळ ठिकाणी पिंगच अडवलेला असतो. तोच कंटेनर होस्टच्या नेटवर्कवर चालवून पाहिला, की दोष डॉकरच्या ब्रिजचा की बाहेरचा, हे बरंचसं कळतं.

हे शिकायला अवघड नाही. मग मुलं का शिकत नाहीत? कारण विचारलं तर ‘एवढंही येत नाही?’ असं ऐकावं लागतं, आणि नेटवर्कची माहिती ज्यांच्याकडे असते ते ती धरून बसतात. शॉप फ्लोअरवर एक पार्ट रिजेक्ट झाला तरी व्हाय-व्हाय शीट भरली जाते. इथे पहिलं ‘का’सुद्धा कुणी विचारत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादमध्ये, महाविद्यालय काढलं आणि पुढे त्याला मिलिंद राजाचं नाव दिलं. नागसेन भिक्खूला शंकांमागून शंका विचारणारा हा राजा, आणि महाविद्यालयाचा परिसर त्या भिक्खूच्या नावाचा, नागसेनवन. ज्या शहरात प्रश्न विचारणाऱ्याचा असा मान झाला, तिथल्या टीम लीडने ज्युनिअरला प्रश्नावरून खजील करणं मला असह्य वाटतं.

जबाबदारी कंपनीचीही आहे. तुम्ही कर्मचाऱ्यांची एन्क्रिप्टेड वाहतूक उघडून तपासता, तर ते त्यांना स्पष्ट सांगा. चिकलठाणा, वाळूज, शेंद्र्यातल्या नेटवर्क प्रमुखांना माझी विनंती आहे: प्रॉक्सीचा पत्ता, डीएनएस, वापरातले आयपी पट्टे, व्हीपीएनचा एमटीयू आणि रूट सर्टिफिकेट कुठे मिळेल, एवढं एका पानावर लिहून प्रत्येक डेव्हलपरच्या हाती द्या. आणि टीम लीडनो, आपल्या सगळ्या डॉकरफाइल आजच उघडा, तपासणी बंद करणारी प्रत्येक ओळ शोधून काढा, आणि ती ज्याने लिहिली त्याला रागावण्याआधी शेजारी बसवून योग्य ओळ लिहायला शिकवा.