अक्षराचा हट्ट

अमेरिकेतील टेनेसी राज्यात, डेटन गावी, १९२५ साली एक खटला गाजला. माणूस खालच्या प्राण्यांपासून झाला असे शिकविल्याचा आरोप एका मास्तरावर होता. संशयवादी वकील डॅरो यांनी बायबलाचे अभिमानी ब्रायन यांनाच साक्षीला बसविले. सृष्टी सहा दिवसांत झाली, ते दिवस चोवीस तासांचेच का, असे विचारले. तसे मानलेच पाहिजे असे नाही, असे ब्रायन यांनी कबूल केले. पुष्कळांना वाटले, श्रद्धा हरली! अहो, हरला तो अक्षराचा हट्ट. वाचणारा अर्थ लावतोच. मग कबूल करायला भ्यावे कशाला? आणि तासांचा हिशेब चुकला म्हणून शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा खोटी ठरते काय? तिची परीक्षा कोर्टात नव्हे, शेजाऱ्याच्या दारात होते.